‘नाव राहू द्या, लेकराला घरीच ठेवा’ असं शाळा म्हणते तेव्हा

बीड जिल्ह्यातल्या एका आईचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगी नऊ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी (सी.पी.), दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर 55 टक्के. भिंतीला धरून चालते. बोललेलं घरच्यांनाच कळतं, पण पाढे आणि गोष्टी नुसत्या ऐकून तिला पाठ आहेत. मुख्याध्यापक म्हणतात, “नाव राहू द्या, हजेरीचं आम्ही बघतो, तिला घरीच ठेवा. नाहीतर जिल्ह्याला निवासी विशेष शाळा आहे, तिथं टाका.” दिवाळीनंतर आई-वडील ऊसतोडीला जातात आणि पोरगी आजीजवळ राहते. आईला विचारायचंय ते हे: आमचा हक्क नेमका काय? आणि भांडलो तर लेकराला त्रास होईल का?

ताई, उत्तर मोठं आहे, पण पहिलं काम उद्याचंच आहे. सकाळी पोरीला शाळेत नेऊन बसवा, परवाही बसवा. ती रोज वर्गात दिसते हीच तुमची सगळ्यात मोठी बाजू आहे. लेकरू महिनाभर घरी राहिलं की शाळेला तिच्याशिवाय चालायची सवय लागते. मग तिला परत आत बसवायचं म्हटलं की तुम्ही उपकार मागायला आलात असं वाटायला लागतं. गटसाधन केंद्रातून शाळाशाळांवर फिरणारी विशेष शिक्षिका म्हणून मी बावीस वर्षं काम केलं. नाव पटावर आणि लेकरू ओसरीवर अशी घरं मी मोजायचं सोडून दिलं.

आता हक्काचं बोलू. घरी राहून शिकण्याची सोय कायद्यात आहे, म्हणून मुख्याध्यापकांचं बोलणं ऐकायला खरं वाटतं. शिक्षण हक्क कायद्यात 2012 साली दुरुस्ती झाली, तिच्यात ही तरतूद आली. पण ती बहुविकलांग आणि तीव्र दिव्यांगत्व असलेल्या बालकांसाठी आहे, आणि तीव्र म्हणजे 80 टक्के किंवा त्याहून जास्त. तुमच्या लेकीच्या प्रमाणपत्रावर 55 आहे. आणि समजा तिथं 90 असतं, तरी कायदा म्हणतो की हा पर्याय बालकाला निवडता येईल. शाळेनं निवडायचा असं त्यात कुठंही नाही. शिवाय घरी शिकणं म्हणजे शिक्षक घरी येणार, आराखडा करणार, काय आलं काय नाही ते तपासणार. ‘हजेरीचं आम्ही बघतो’ यात शिकण्याचा भाग कुठं आहे?

दुसरा कायदा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा, 2016 चा. तो 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. त्याचं कलम 31 सांगतं की 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या प्रत्येक बालकाला घराजवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. ‘पसंती’ हा शब्द पाठ करून ठेवा. शाळा सुचवू शकते, ढकलू शकत नाही. कलम 16 मध्ये शाळेनं काय करायचं ते आहे: भेदभाव न करता प्रवेश, इमारत आणि आवार वापरता येईल असं असणं, त्या लेकराच्या गरजेप्रमाणे सोय, शिकण्यासाठी वैयक्तिक आधार, प्रगतीवर लक्ष, आणि येण्याजाण्याची व्यवस्था. कलम 17 मध्ये सरकारची बाजू आहे: 18 वर्षांपर्यंत मोफत पुस्तकं, साहित्य आणि उपकरणं, तसंच अभ्यासक्रमात आणि परीक्षेत बदल. ही कलमं तोंडावर फेकायला सांगत नाही. अर्जात लिहायला उपयोगी पडतील.

हजेरीच्या गोष्टीवर मात्र जरा थांबते, कारण पालकांना यातला तोटा लवकर दिसत नाही. उलट वाटतं, गुरुजी भले आहेत, पोरीचं वर्ष वाया जाऊ देत नाहीत. पण कागदावर तुमची लेक रोज शाळेत येते. म्हणजे तिला मदतनीस नको, वाहतूक भत्ता नको, रॅम्पची घाई नको. ती आहे तशी नीट शिकायलीय असा त्याचा अर्थ होतो. समग्र शिक्षा अभियानात विशेष गरजा असणाऱ्या बालकांसाठी दर बालकामागे वर्षाला 3500 रुपयांचं नियोजन धरतात. मुलींना दरमहा 200 रुपये प्रोत्साहन भत्ता दहा महिने देण्याची तरतूद आहे. ही सगळी आकडेमोड पटावरच्या नोंदीवर चालते. खोटी हजेरी तुमच्या लेकीची गरजच कागदावरून पुसून टाकते. आणि आठवीपर्यंत अशी ढकलत नेली की चौदाव्या वर्षी लेकरू वाचता न येता बाहेर पडतं, तेव्हा विचारायला कुणी जागेवर नसतं.

आता मागायचं काय? इथंच बहुतेक पालक कमी पडतात. “आमच्या लेकराकडं लक्ष द्या” असं म्हणतात, समोरचे “देतो की” म्हणतात, आणि बोलणं संपतं. ‘लक्ष’ मोजता येत नाही. जे मोजता येतं ते मागा.

तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही, पण मला ती असणार असं वाटतं, म्हणून स्पष्ट विचारते: शाळेत तिच्या संडास-लघवीचं काय? मुली घरी राहतात त्यामागं मी सगळ्यात जास्त वेळा हेच कारण पाहिलं, आणि सगळ्यात कमी वेळा हेच कुणी बोलून दाखवलं. एका गावात पाचवीतली एक पोरगी होती, तिलाही सी.पी. ती सकाळपासून पाण्याचा थेंब घ्यायची नाही. आईला वाटायचं भूक-तहान मेलीय. मी एक दिवस तिच्याजवळ मधल्या सुट्टीत बसले तेव्हा कळलं. शौचालयाला दोन पायऱ्या, आत धरायला काही नाही, दाराची कडी लागत नाही, आणि उकिडवं बसता येत नाही. ऐन एप्रिलमधल्या परभणीच्या उन्हात ते लेकरू संध्याकाळी पाचपर्यंत कोरडं बसायचं. शाळा म्हणत होती, “ती वर्गात मलूल असते, तिला झेपत नाही.” आम्ही भिंतीला दोन लोखंडी दांडे बसवले, खुर्चीसारखं कमोडचं भांडं आणलं, कडी लावली, आणि पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींशी बोलून घेतलं. पंधरा दिवसांत पोरगी पाणी प्यायला लागली. आणि वर्गात बोलायला लागली.

म्हणून पहिली मागणी शौचालयाची. मदतीला बाई कोण, तिचं नाव ठरू द्या. दुसरी बसण्याची. सेरेब्रल पाल्सीत अंगाला आधार नसेल तर सगळी ताकद तोल सांभाळण्यात जाते आणि हात लिहायला मोकळा राहत नाही. तिला पाय टेकतील अशी, बाजूला आधार असलेली खुर्ची आणि पुढं टेबल हवं. सी.पी. चेअर आणि वॉकर मोजमाप शिबिरातून, म्हणजे लेकरांची मापं घेऊन साहित्य देतात तिथून, मिळतात, पण शिबिराची वाट बघत वर्ष घालवू नका. आमच्या एका सुतारानं जुन्या बाकाला पाटी ठोकून आणि पट्टा लावून काम भागवलं होतं. तिसरी रॅम्पची. रॅम्प आहे असं सांगतील, तुम्ही मोजून बघा. एक फूट चढायचं असेल तर उतार बारा फूट लांब हवा, बाजूला कठडा हवा. त्याहून चढा असेल तर पोरगी पडेल. व्हीलचेअरला दार 90 सेंटिमीटर लागतं.

चौथी मागणी तिच्या बोलण्याची, आणि माझ्या मते हीच तिच्या शिक्षणाची किल्ली आहे. सेरेब्रल पाल्सी मेंदूच्या हालचाल सांभाळणाऱ्या भागाची आहे. जीभ-ओठ नीट वळत नाहीत म्हणून बोलणं अस्पष्ट येतं, त्यावरून तिची समज ठरवता येत नाही. पाढे ऐकून पाठ होतात त्या लेकराला तोंडी परीक्षेत शून्य देणं हा सरळ अन्याय आहे. पुठ्ठ्यावर चित्रं आणि शब्द चिकटवून तिचा संवाद तक्ता करा: पाणी, शू, दुखतंय, हो, नाही, मला कळलं नाही, मला उत्तर येतंय. शेवटचा शब्द विसरू नका. उत्तरासाठी पर्यायांच्या चिठ्ठ्या समोर ठेवल्या की ती बोटानं दाखवेल. आता लहान चाचण्यांत जास्त वेळ मिळू द्या. पुढं मोठ्या परीक्षांत ताशी किमान 20 मिनिटं जादा वेळ आणि लेखनिक मिळतो, त्याची सवय आणि नोंद आतापासून असलेली बरी.

हे सगळं पत्रात लिहा. स्वतः लिहिता येत नसेल तर गावातल्या एखाद्या शिकलेल्या पोरीकडून लिहून घ्या, सही किंवा अंगठा तुमचा. मी पालकांना साधारण असा मजकूर देते:

“माझी मुलगी आपल्या शाळेत इयत्ता तिसरीत शिकते. तिला सेरेब्रल पाल्सी असून दिव्यांगत्व 55 टक्के आहे. यूडीआयडी कार्डाची (दिव्यांग ओळखपत्राची) प्रत जोडली आहे. घरी राहून शिक्षणाचा पर्याय आम्ही निवडलेला नाही. ती रोज शाळेत येईल. तिला ऐकलेलं लक्षात राहतं, पाढे व गोष्टी पाठ आहेत, चित्र दाखवून उत्तर देता येतं. तिला पुढील सोयींची गरज आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या कलम 16 व 17 प्रमाणे त्या मिळाव्यात. यातील काय, कोणत्या तारखेपर्यंत होईल आणि जे होणार नसेल त्याचं कारण लेखी कळवावं.” त्याखाली सोयी एकेक करून लिहायच्या.

तिला काय येतं हे वाक्य काढू नका. प्रमाणपत्र काय येत नाही तेवढंच सांगतं. तिच्या बाजूनं लिहिलेला असा कागद बहुतेक फाईलमध्ये नसतोच.

दोन प्रती न्या. एकीवर तारीख, सही आणि शिक्का घेऊन पोहोच मागा. “राहू द्या हो, तोंडी सांगितलं तरी कळतं” असं म्हणतील. हसून म्हणा, “सर, वरच्या हापिसात मला दाखवावं लागतंय.” घेतलंच नाही तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपून ठेवा. जुन्या वहीत एक पान करा: कोणत्या तारखेला कोणाला भेटलात, ते काय म्हणाले. दवाखान्याच्या चिठ्ठ्या, शिबिराच्या पावत्या त्याच पिशवीत.

आता तुमचा दुसरा प्रश्न, त्रासाचा. खोटा धीर देणार नाही. दोन शिक्षकी शाळेत चार वर्ग सांभाळणारे गुरुजी, त्यांच्यावर तक्रार गेली तर पोरीकडं बघण्याची नजर बदलू शकते. मी ते पाहिलंय. म्हणून पहिलं पत्र तक्रारीचं करायचं नाही, गरजेचं करायचं. आणि गुरुजींना एक गोष्ट समजावून सांगा, कारण बऱ्याचदा त्यांनाही ती कुणी सांगितलेली नसते: हा कागद त्यांच्या कामाचा आहे. मुख्याध्यापक स्वतःहून रॅम्प मागतात तेव्हा वर कुणी ऐकत नाही. पालकाचा अर्ज जोडून मागितला की पंचायत समितीला उत्तर द्यावं लागतं. गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, त्यांची भेट याच पत्रावर मागता येते. ते आले की भेट नोंदवहीत तारीख पडली का बघा. सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 च्या निकालात प्राथमिक स्तरावर अशा 10 मुलांमागं एक आणि त्यापुढच्या वर्गांत 15 मुलांमागं एक विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलंय. प्रत्यक्षात आम्ही केंद्रामागून केंद्रं पालथी घालतो. ती कमतरता तुमच्या लेकीनं का भोगायची? पण भेट महिन्यातून एकदाच होणार असेल, तर त्या भेटीत गुरुजींना काय दाखवायचं हे आधी ठरवून घ्या.

आणि एकट्या जाऊ नका. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असायलाच लागतात. तुमच्या वस्तीतली एखादी बाई त्यात असेलच, तिला घेऊन जा. विषय बैठकीत मांडा, इतिवृत्तात लिहायला लावा. ग्रामसभेतही बोला. ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. शाळेच्या शौचालयाला दांडे आणि कमोडचं भांडं एवढं काम त्यातून मागायला काय हरकत आहे? मराठवाड्यातल्या गावात सरपंच, गुरुजी आणि पालक तिघंही एकमेकांना ओळखतात, याचा तोटा असतो तसा उपयोगही असतो.

पत्रावर महिन्याभरात काहीच हाललं नाही तर केंद्रप्रमुख, मग गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी (प्राथमिक). प्रत्येक वेळी आधीच्या पत्राची प्रत जोडायची. मधेच माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकायला 10 रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाहीत, आणि 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. शाळेत विशेष गरजा असणारी बालकं किती नोंदली आहेत, त्यांच्यासाठी या वर्षी कोणतं साहित्य आलं, विशेष शिक्षकांच्या भेटीच्या तारखा कोणत्या, एवढंच विचारा. मी असे अर्ज नुसते दाखल होताच वॉकर गोदामातून बाहेर येताना पाहिलेत. त्याही पुढं पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्त आहेत. त्यांच्याकडं साध्या कागदावर तक्रार करता येते. त्यांनी शिफारस केली तर संबंधित कार्यालयाला तीन महिन्यांत ती अमलात आणावी लागते, नाहीतर कारण कळवावं लागतं. वकील लागला तर तालुका विधी सेवा समितीकडं जा. दिव्यांग व्यक्ती, स्त्रिया आणि मुलं यांना तिथं उत्पन्न न बघता मोफत मदत मिळते. चारचौघांत मुद्दाम अपमान केला तर 2016 च्या कायद्यात कैदेची शिक्षाही आहे. हे माहीत असू द्या, पण सुरुवात तिथून करू नका.

विशेष शाळेबद्दल. मी त्यांच्या विरोधात नाही. ऐकू न येणाऱ्या लेकराला लहानपणीच खुणांची भाषा आणि तसे सोबती मिळायला हवेत, ते गावच्या शाळेत क्वचितच मिळतं. पण तुमच्या लेकीसाठी घाई करू नका. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका बापाला सांगितलं होतं, “दादा, हॉस्टेलला टाका, तिथं सगळं मिळतं.” मुलगा सात वर्षांचा, सी.पी., अक्षरं ओळखायचा. तिथं त्याला बोलता येत नाही म्हणून बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या गटात बसवलं. दोन वर्षांनी उन्हाळ्यात घरी आला तेव्हा अक्षरांकडं बघायचाही नाही, आणि आईकडं सरकतही नव्हता. सल्ला देताना मी त्याची समज तपासलीच नव्हती. मला त्याचं आजही वाईट वाटतं. कोणतीही निवासी शाळा निवडायच्या आधी दोन गोष्टी करा. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात तिची नीट तपासणी करून घ्या, तिथं फिजिओथेरपीचंही विचारा. आणि न सांगता एखाद्या दुपारी जाऊन ती शाळा बघा: लेकरं काय करायलीत, त्यांना कोण जेवू घालतं, रात्री मुलींजवळ बाई असते का.

उरला कारखान्याचा हंगाम. आजीजवळ ठेवणार असाल तर तिला शाळेत कोण नेणार हे आत्ताच पक्कं करा. वाहतूक आणि मदतनीस भत्त्याची मागणी म्हणूनच याच पत्रात हवी. पैसे उशिरा येतात, पण मागणी नसेल तर येतच नाहीत. गावात हंगामी वसतिगृह असेल तर तिचं नाव त्या यादीत द्या, दिव्यांग म्हणून वगळलं तर कारण लेखी मागा. बरोबर नेणार असाल तर निघायच्या आधी शाळेतून शिक्षण हमी कार्ड घ्या आणि फडाजवळच्या शाळेत दाखवा. दाखला नाही म्हणून कोणतीही सरकारी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. यूडीआयडी देशभर चालतं, कर्नाटकातल्या कारखान्यावर गेलात तरी. संवाद तक्ता दोन करा, एक घरी आणि एक सोबत. कोपीजवळच्या (तिथल्या झोपडीजवळच्या) शाळेतल्या बाईंना तिचं बोलणं कळायला वेळ लागेल, तो तक्ता पहिल्याच दिवशी त्यांच्या हातात द्या.

टोळी निघायच्या आधी एक दिवस काढून आजीला कागदांची पिशवी कुठं ठेवलीय ते दाखवा. पोहोच असलेली प्रत सगळ्यात वर ठेवा आणि विशेष शिक्षकांचा नंबर पिशवीवरच मोठ्या आकड्यांत लिहून ठेवा. गुरुजींनी पुन्हा “घरीच राहू द्या” म्हटलं, तर आजीनं फक्त ती प्रत काढून दाखवायची आणि नातीला वर्गात बसवून यायचं.